दीड मीटर रुंदीचं सुख

जपानात राहणाऱ्या भारतीयाने "मी गाडी घेतली" असं घरी फोनवर सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठली?" गोची तिथेच होते. गाड्या बनवून जगाला विकणाऱ्या देशात राहणारा, पीएच.डी. झालेला, संशोधन विभागात नोकरी करणारा माणूस जुनी, हाताने गिअर टाकायची सुझुकी अल्टो चालवतो हे ऐकून पलीकडे जी शांतता पसरते, तिचा अर्थ मला आता पाठ झाला आहे. "मग इथेच काय वाईट होतं?" असा तो अर्थ.

त्या शांततेला हे उत्तर. माझं म्हणणं दोन भागांत आहे. पहिला भाग हौसेचा: मोकळ्या माळावरच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवण्याची मजा गाडीच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. दुसरा जरा गंभीर: असे रस्ते अरुंद राहावेत आणि असे माळ शिल्लक राहावेत असं वाटत असेल, तर गाड्याही अरुंद राहायला हव्यात. दोन्ही भाग शेवटी एकाच मापावर येऊन थांबतात. ते माप लांबीचं नाही, इंजिनाचं नाही, रुंदीचं आहे.

आधी राहतो कुठे ते सांगतो. एदोगावा हा तोक्योच्या पूर्व टोकाचा वॉर्ड, नद्यांच्या मुखाशी, समुद्राला चिकटून. वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. २०१९ साली वॉर्डाने पुराचा नकाशा काढला तेव्हा त्यात स्वतःच्याच हद्दीवर "इथे थांबू नका" अशा अर्थाची सूचना छापली होती, यावरून काय ते समजा. त्यातल्या निशि-कासाई भागात इतके भारतीय आहेत की संध्याकाळी भाजी आणायला गेलं तर मराठी कानावर पडतंच. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली इथल्याच वॉर्ड सभेवर निवडून आले. सोयी सगळ्या आहेत, फक्त चढ नाही. एदोगावात चढ म्हणजे नदीवरचा पूल. सह्याद्रीच्या कुशीत, साताऱ्यात वाढलेल्या माणसाला ही सपाटी काही दिवसांनी अंगावर येते.

तुम्ही म्हणाल, तोक्योत गाडी हवीच कशाला? रोजच्या कामाला नकोच. ऑफिसला मी मेट्रोनेच जातो. गाडी आहे ती शनिवारसाठी. आणि शनिवारपुरती गाडी परवडते ती केवळ ती 'केइ' आहे म्हणून.

केइ-जिदोशा म्हणजे शब्दशः 'हलकी गाडी'. हा जपानी कायद्यातला स्वतंत्र वर्ग आहे. सुरुवात १९४९ सालची. युद्धानंतर लोकांकडे पैसा नव्हता, रस्ते चिंचोळे होते, पेट्रोल महाग होतं. इंजिनाची मर्यादा १९५५ साली ३६० सीसी झाली, १९७६ साली ५५० आणि १९९० साली ६६०. १९९८ साली अपघातातल्या सुरक्षेचे नियम कडक झाले, म्हणून मापं थोडी वाढवून दिली, आणि ती आजही तीच आहेत: लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर. कुठलंही एक माप ओलांडलं की गाडी या वर्गातून बाहेर. आत राहिलात तर वार्षिक कर १०,८०० येन, तर साध्या छोट्या मोटारीलाही निदान २५,०००. महामार्गावरचा टोलही साधारण २० टक्के कमी. आज जपानातल्या एकूण मोटारींत केइ जवळजवळ ४० टक्के आहेत, आणि खेड्यांत तर घरटी एक असतेच.

या वर्गाशी आपलं नातं जुनं आहे. १९७९ साली सुझुकीने पहिली अल्टो ४ लाख ७० हजार येनला विकायला काढली. तिच्याच पिढीच्या गाडीला ७९६ सीसीचं इंजिन लावून डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडे जी आली, ती मारुती ८००. तिच्या पुढच्या पिढीची रुंदी १.४४ मीटर. म्हणजे माझ्या पिढीतले बरेच जण ज्या गाडीवर क्लच सोडायला शिकले, ती हाडामांसाने केइच होती. इंजिन तेवढं मापाबाहेरचं.

आता शनिवारचा रस्ता. पहाटे एदोगावातून निघायचं, तोक्योचे उड्डाणमार्ग ओलांडून चुओ महामार्ग धरायचा आणि सुमारे २०० किलोमीटरवर सुवा गाठायचं. हा टप्पा छोट्या गाडीचा नव्हे, हे आधीच कबूल करतो. ताशी १०० ला माझी अल्टो अशी काही किंचाळते की रेडिओ बंद करावा लागतो, आणि शेजारून ट्रक गेला की गाडी बाजूला सरकते. महामार्ग चढत चढत १०१५ मीटरपर्यंत जातो, तेव्हा हळू गाड्यांच्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे शहाण्यासारखं बसायचं. पण सुवा सोडून किरिगामिनेचा घाट चढला, झाडं संपली आणि गवताचा माळ उघडला की हिशेब उलटा होतो.

किरिगामिने म्हणजे धुक्याचं शिखर. सर्वात उंच माथा कुरुमायामा, १९२५ मीटर. पण शिखरापेक्षा महत्त्वाचा तो भोवतीचा माळ: मैलोन्‌मैल गवताच्या लाटा, जुलैत पिवळी निक्को-किसुगेची फुलं, शरदात चंदेरी तुरे. या माळावरून 'व्हीनस लाइन' नावाचा रस्ता जातो, चिनोपासून उत्सुकुशिगाहारापर्यंत सुमारे ७६ किलोमीटर. पूर्वी टोल होता, २००२ पासून तो पूर्ण मोफत आहे. पीएच.डी.साठी शेफिल्डला होतो तेव्हा शहराच्या पश्चिमेला असाच उघडा माळ होता. इंग्रज त्याला मूर म्हणतात. आणि आपल्याकडे कोकणात सडा, साताऱ्याकडे पठार. माती वेगळी, पाऊस वेगळा, पण गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने तिन्हींत एक गोष्ट सारखी: झाडं नाहीत, म्हणून पुढची तीन वळणं दिसतात. रस्ता आधी वाचता येतो आणि मग चालवता येतो. घाटात हे सुख नसतं.

या रस्त्यावर छोटी गाडी का आवडते, याची माझ्यापुरती तीन कारणं आहेत.

एक म्हणजे, गाडी पूर्ण वापरता येते. सव्वासहाशे किलोच्या आसपास वजन आणि पन्नासएक अश्वशक्ती. चढावर दुसरा गिअर पूर्ण ताणायचा, तिसरा टाकायचा, वळणाआधी पुन्हा दुसरा. एवढं सगळं करून काटा ताशी ५० च्या आसपासच. कायदा मोडत नाही, कुणाला घाबरवत नाही, आणि तरीही हात, पाय आणि कान पूर्ण कामात. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीला त्याच वेगात काही करायचंच नसतं. ती जांभया देते, आणि तिचा मालकही. मग त्या कंटाळ्यावर उपाय म्हणून वेग वाढतो.

दुसरं कारण भूमितीचं. जपानच्या डोंगराळ रस्त्यांवर लेन बऱ्याचदा पावणेतीन मीटरची असते. १.४८ मीटरच्या गाडीला त्यात १ मीटर २७ सेंटीमीटर मोकळे मिळतात. १.८५ मीटरच्या गाडीला ९० सेंटीमीटर. आता काटकोनी वळण घ्या. स्वतःच्या लेनच्या बाहेरच्या कडेने शिरून, मध्यावर आतल्या कडेला येऊन पुन्हा बाहेर गेलं, तर दर १० सेंटीमीटर मोकळ्या जागेमागे तुमच्या मार्गाची त्रिज्या सुमारे ३४ सेंटीमीटरने वाढते. (गणित सोपं आहे, कागदावर करून बघा.) म्हणजे अरुंद गाडीला त्याच रस्त्यावर अक्षरशः मोठं वळण मिळतं. रुंद गाडी रुळावरच्या डब्यासारखी जाते, अरुंद गाडीला निवड असते. माझ्या मते गाडी चालवण्यातली मजा म्हणजे ही निवडच.

तिसरं कारण समोरून येणाऱ्याचं. मुख्य रस्ता सोडून खेड्यांतल्या फाट्यांवर गेलं की रस्ता एका गाडीपुरता उरतो. समोरून केइ ट्रक येतो, मागे कोबीच्या पेट्या, चालवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. दोघं थोडं थोडं सरकतो, मान लवते, हात वर होतो आणि पुढे. कुणालाही मागे जावं लागत नाही. छोट्या गाडीत माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसतो, हा त्यातला न मोजता येणारा फायदा.

इतकं गुणगान केल्यावर त्या रस्त्याचा इतिहासही सांगायला हवा, कारण तो माळावर कौतुकाने आलेला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा रस्ता पुढे न्यायचं ठरलं, तेव्हा आखणी याशिमागाहाराच्या दलदलीजवळून होती. तिथे शेवाळ अर्धवट कुजून साचलेला सुमारे ८ मीटर जाडीचा थर आहे, तो तयार व्हायला बारा हजार वर्षांच्या आसपास लागली. तिथली वनस्पती १९३९ पासून राष्ट्रीय संरक्षित. स्थानिक लोकांनी विरोध केला आणि रस्त्याची आखणी बदलावी लागली. मूळचे सुवाचेच लेखक नित्ता जिरो यांनी या लढ्यावर १९७० साली कादंबरी लिहिली, तिच्या नावाचा अर्थ 'धुक्याचे वंशज'. हे नित्ता साधे लेखक नव्हते. हवामान खात्यात अभियंता असताना फुजी पर्वताच्या माथ्यावरचा रडार उभारण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तो फुजीचा रडार १९९९ साली बंद झाला, आणि त्याच्या जागी जे नवे आले त्यांतला एक आज कुरुमायामाच्या माथ्यावर आहे, व्हीनस लाइनवरून दिसतो. तो पांढरा घुमट दिसला की मला वाटतं, रस्ता नको म्हणणारा माणूस तंत्रज्ञानाच्या विरोधात असतो, हा समज इथे तरी टिकत नाही.

म्हणजे माळावरचा रस्ता ही तडजोड आहे. माळाने आपल्याला एक पट्टी दिली आहे. प्रश्न एवढाच, की त्या पट्टीत मावायचं कुणी? गाडीने रस्त्यात, की रस्त्याने गाडीच्या मापात?

आता साताऱ्याकडे येतो. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणारा रस्ता मी लहानपणापासून पाहतो आहे. तेव्हा तिथे मारुती, जीप आणि एसटी. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांसोबत कास जागतिक वारसा यादीत गेलं आणि फुलांच्या हंगामात गर्दीचा लोंढा सुरू झाला. पुढे आगाऊ नोंदणी आली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली. माणसं मोजली गेली ते चांगलंच झालं. पण ती माणसं कशात बसून येतात, त्याचं माप कुणी घेत नाही.

ते आपण घेऊ. आपल्याकडे ग्रामीण एकपदरी रस्त्याची डांबरी पट्टी साधारण ३.७५ मीटर धरतात. त्यावर दोन मारुती ८०० समोरासमोर आल्या: १.४४ अधिक १.४४, म्हणजे २.८८. उरले ८७ सेंटीमीटर. आरसे सांभाळून, काच खाली करून, "जरा घ्या तिकडे" म्हणत दोन्ही गाड्या डांबरावरूनच जातात. आता आजच्या लोकप्रिय छोट्या एसयूव्ही घ्या. यांची रुंदी बहुधा १.७७ ते १.८२ मीटर. १.८० धरली तर दोघींचे ३.६०. उरले १५ सेंटीमीटर, आणि त्यात आरसे धरलेलेच नाहीत. म्हणजे एकीची किंवा दोघींची चाकं डांबराखाली उतरणार. साध्या शेताच्या कडेला त्याने फारसं बिघडत नाही. पठारावर बिघडतं. तिथे जांभ्यावर माती काही बोटंच असते, आणि तेवढ्याच मातीत सीतेची आसवं, गेंद, कीटक खाणारी दवबिंदू उगवतात. एका पावसाळ्यात शंभर चाकं तिथे उतरली की फुलांच्या जागी चिखलाची चाकोरी पडते. दोन वर्षांनी ती चाकोरी बघून कुणीतरी म्हणतं, "रस्ता अरुंद पडतोय, रुंद करा." रस्ता तेवढाच आहे हो. गाड्या रुंदावल्या.

आणि त्या का रुंदावल्या, याचं उत्तर बऱ्याच अंशी नियमांत आहे. भारताने २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीला करात सवलत दिली. व्याख्या: लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसी, डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेरमांडणी झाली, छोट्या गाड्या १८ टक्क्यांत आल्या, मोठ्या ४० टक्क्यांत, तेव्हाही याच मर्यादा. लांबी आहे, इंजिन आहे, रुंदी नाही. मग कंपन्यांनी जे करायचं तेच केलं: ३.९९ मीटरवर मागची बाजू कापली आणि गाडी आडवी, उंच आणि जड होऊ दिली. कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाणी उताराकडे जातं, अभियंता नियमाच्या कडेपर्यंत जातो. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या दर दोन नव्या मोटारींत एकीहून जास्त एसयूव्हीच्या घरातली असते.

जपानी माणूस फार साधा असतो म्हणून इथे छोट्या गाड्या टिकल्या, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हाव इथेही आहे. आज सर्वाधिक खपणाऱ्या केइ गाड्या कपाटासारख्या उंच आहेत, कारण उंचीला २ मीटरपर्यंत वाव आहे. केइला पिवळी नंबरप्लेट असते, आणि तिची लाजही असते: २०१७ साली रग्बी विश्वचषकाच्या निमित्ताने आणि मग ऑलिंपिकच्या निमित्ताने खास पांढऱ्या पाट्या केइलाही मिळू लागल्या, तेव्हा लोकांनी त्या हौसेने लावल्या. रग्बीचं प्रेम किती आणि पिवळा रंग लपवायची सोय किती, हे ज्याचं त्याला ठाऊक. फरक एवढाच, की इथे रुंदी कायद्याने बांधली आहे, म्हणून हाव वरच्या दिशेला गेली. वरची हवा फुकट असते. आपण लांबी बांधली, म्हणून ती आडवी पसरली. आणि आडवी जागा कुणाची तरी असते: समोरच्या गाडीची, सायकलवाल्याची, शाळेत चालत जाणाऱ्या पोरांची, पठारावरच्या फुलांची.

आक्षेप दोन येतील, दोन्ही रास्त आहेत. पहिला सुरक्षेचा. जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीतल्या माणसाचं जास्त नुकसान होतं, हे भौतिकशास्त्र आहे, त्यावर वाद नाही. जुन्या मारुतीत ना एअरबॅग होत्या ना नीट पिंजरा. पण १९९८ साली जपानने उत्तर म्हणून रुंदी ८ सेंटीमीटर वाढवली, ४० नव्हे. बाकीचं काम रचनेवर सोडलं. शिवाय "समोरचा जड आहे म्हणून मी जड" या न्यायाला शेवट नाही. त्या शर्यतीत पायी चालणारा पहिल्याच फेरीत बाद.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. टाटांची नॅनो २००८ साली लोकांसमोर आली तेव्हा मी विद्यार्थी होतो, आणि ३.१ मीटर लांब, दीड मीटर रुंद अशा त्या गाडीची रचना बघून खरोखर हरखलो होतो. 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्का तिला भोवला आणि २०१८ साली उत्पादन थांबलं. दारात गाडी उभी करणं म्हणजे चार लोकांना काहीतरी सांगणं, हे मलाही कळतं. फोनवरची ती शांतता मी ऐकलेली आहेच. पण मुलीच्या लग्नात काय दिसेल, या हिशेबाने घेतलेली गाडी पुढची दहा वर्षं ३.७५ मीटरच्या रस्त्यावर चालवायची असते. तिथे मागे घेता घेता मान कुणाची दुखते?

तेव्हा माझं मागणं मोठं नाही. छोट्या गाडीच्या सरकारी व्याख्येत रुंदीचा एक आकडा घाला. १.४८ नको, आपल्याला पाच माणसं बसवायची असतात. १.६५ घाला, त्यावर वाद घालू. कासच्या रस्त्यासारखे पठारावरचे रस्ते रुंद करू नका. दर दोनतीनशे मीटरवर थांबून वाट देण्याचे खाचे करा, आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे लावा, जपानात ते कोपऱ्याकोपऱ्यावर असतात आणि त्यांचा खर्च रस्ता रुंद करण्याच्या मानाने काहीच नाही. हंगामात मोठ्या गाड्या खालीच ठेवून वर बस न्या.

आणि वाचकांकडे एक व्यक्तिगत मागणं. घरात जुनी छोटी गाडी असेल आणि "आता काढून टाकू" असं चाललं असेल, तर काढण्याआधी तिचे ब्रेक आणि टायर तपासून घ्या आणि पाऊस ओसरल्यावर तिला एकदा सड्यावर न्या. देवगड, राजापूर, मसाई, चाळकेवाडी, जे जवळ असेल ते. एकटे जा, काचा खाली, दुसरा आणि तिसरा गिअर, घाई नको. परत आल्यावर विकायची की ठेवायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.